गाडी नाही म्हणून आम्ही दंड भरायचा का?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातली कितीतरी घरं आजही रेल्वेनं नाहीतर बसनंच सुट्टीला जातात. आई-बाप, दोन पोरं, जमलं तर आजी. जायचं तरी कुठं? कोल्हापूर, पुणे, बेंगळूर, म्हैसूर. बोट नाही, विमान नाही, समुद्रासमोरची खोली नाही. चार-पाच जणांना झोपायला स्वच्छ जागा, नळाला गरम पाणी आणि दाराबाहेर पडल्यावर बस एवढंच हवंय. आणि एवढंच मिळत नाही! हॉटेलांचा सगळा धंदा दोन माणसं आणि एक कार एवढ्याच हिशोबावर बेतलेला आहे. त्यात न बसणाऱ्यानं प्रत्येक पायरीवर जादा मोजायचं.

पहिली फसवणूक दराची. ॲप उघडलं की १,८०० ची खोली दिसते. हा दर दोघांचा. समजा दहा वर्षांच्या मुलासाठी जादा गादीचे ५०० आणि आजीसाठी ७०० लावले, की झाले ३,०००. वर कर, म्हणजे ३,१५०. जाहिरातीतल्या दराच्या पावणेदोन पट, आणि हे कळतं पैसे भरायच्या शेवटच्या पानावर, नाहीतर थेट काउंटरवर. मुलांच्या वयाचा तर निव्वळ गोंधळ. रेल्वेत पाच वर्षांखाली तिकीट नाही, पाच ते बारा वयाला वेगळा बर्थ नको असेल तर अर्धं, हे निदान सगळीकडे एकसारखं आहे. हॉटेलात कुणाचं मूल पाचपर्यंत फुकट, कुणाचं आठ, कुणाचं बारा. मालकाच्या मनाला येईल तो नियम. म्हणून ॲपमध्ये पहिल्याच पानावर माणसं आणि मुलांची खरी वयं भरा. 'दोन जण' टाकून स्वस्त खोली पकडली आणि दारात पाच जण उभे राहिले, तर काउंटरवरचा माणूस दुसरी खोली गळ्यात मारणारच, आणि त्या वेळी तुमच्याकडे दुसरा इलाज नसतो.

आणि ही 'एक्स्ट्रा बेड' म्हणजे काय असते? खाट नव्हे. दोन-तीन इंच जाडीची गादी, भिंत आणि पलंगाच्या मधल्या बोळात टाकलेली. तिच्यावर कुणी झोपलं की संडास-बाथरूमचं दार अर्धंच उघडतं. आजीला रात्री उठायचं असेल तर नातवाच्या अंगावरून जायचं. एवढ्याचे ५००-७०० रुपये घेताना लाज कशी वाटत नाही? फोनवर स्पष्ट विचारा: खाट देता की जमिनीवर गादी? खोलीची लांबी-रुंदी किती? दहा बाय बाराच्या आत असेल तर चौथा माणूस त्यात मावत नाही. तीन किंवा चार खाटांची खोली बऱ्याच जुन्या लॉजमध्ये असते, पण ती ॲपवर टाकलेलीच नसते. फोन केल्याशिवाय कळत नाही.

कराचंही सांगून ठेवतो. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला, आधी १२ होता. बिलात अजून १२ दिसले तर तिथंच थांबवा. आणि बिलावर जीएसटी नंबरच नसेल तर कर मागायचा हक्कच नाही.

पण खरा संताप येतो तो अंतराच्या खोटेपणाचा. 'स्टेशनपासून १ किमी' हे अंतर नकाशावर सरळ रेघ ओढून मोजलेलं असतं. माणसं सरळ रेघेत चालत नाहीत, रूळ ओलांडायचे असतात. कोल्हापूरचंच बघा. स्टेशन आणि मध्यवर्ती बसस्थानक जवळजवळ, शाहूपुरीच्या बाजूला. हॉटेल राजारामपुरीच्या बाजूला निघालं की बॅगा ओढत परीख पुलाखालून जायचं, आणि पावसाळ्यात तिथं पाणी साचतं. पुण्यात 'शिवाजीनगर बसस्थानकाजवळ' असं बिनधास्त लिहितात, तर मेट्रोच्या कामात ते स्थानक वाकडेवाडीला हलवलं गेलं. वर्णनं जुनीच. बेळगावहून जाणाऱ्या खासगी गाड्या कात्रज, स्वारगेट, चांदणी चौक यांपैकी कुठं उतरवतात ते तिकीट काढतानाच विचारा आणि हॉटेल त्या हिशोबानं बघा. नाहीतर पहाटे कात्रजला उतरून स्टेशनजवळच्या हॉटेलला जायचं भाडं सुट्टीच्या पहिल्याच तासात जातं.

बेंगळूरचा हिशोब मांडूनच दाखवतो, कारण तिथं माणसं सगळ्यात जास्त फसतात. मॅजेस्टिकपासून, म्हणजे मुख्य बसस्थानक आणि रेल्वे स्टेशनच्या भागापासून, दहा किलोमीटरवरची खोली ५०० रुपयांनी स्वस्त दिसते. 'फ्री पार्किंग' असं मोठ्या अक्षरात. गाडीच नाही तर पार्किंग काय करायचं? रिक्षाचा दर १ ऑगस्ट २०२५ पासून पहिल्या दोन किलोमीटरला ३६ रुपये आणि पुढं किलोमीटरला १८. म्हणजे दहा किलोमीटरला १८० रुपये. रिक्षात नियमानं तीन माणसं, पाच जणांना दोन रिक्षा: ३६०. जाऊन येऊन ७२०. रोजचे! ५०० वाचवायला ७२० घालवायचे, तेही मीटरनं कुणी आलं तर. रात्री दहानंतर दीडपट. त्यापेक्षा जांभळ्या नाहीतर हिरव्या मेट्रोच्या कुठल्याही स्टेशनापासून दहा मिनिटं चालत असलेली खोली महाग दिसली तरी घ्या. कब्बन पार्क आणि विधानसौध जांभळ्या लाईनवर, लालबाग आणि के. आर. मार्केट हिरव्या लाईनवर, आणि दोन्ही लाईनी मॅजेस्टिकला मिळतात. बन्नेरघट्टाला मॅजेस्टिकहून ३६५ नंबरची बस जाते. मंगळवारी तिथं प्राणिसंग्रहालय बंद असतं. घरातल्या बायकांना कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत साध्या बसला तिकीट नाही, फक्त कर्नाटकचा पत्ता असलेलं ओळखपत्र जवळ हवं. हा फायदा हॉटेल बसथांब्याजवळ असेल तरच मिळतो, हायवेवरच्या हॉटेलात राहून नाही. कोल्हापूरच्या आंतरराज्य गाडीला शक्ती चालत नाही, साध्या गाडीनं निपाणीपर्यंत चालते.

आता वेळेचं. बेळगावहून सुटलेली रात्रीची गाडी पहाटे पाच-सहाला पोचवते. हॉटेलचं चेक-इन दुपारी बाराला, काही ठिकाणी दोनला. सहा तास पोरं आणि म्हातारी माणसं घेऊन कुठं बसायचं? कारवाला गाडीत झोपतो, गाडीत सामान ठेवून फिरतो. आम्ही बॅगा घेऊन फुटपाथवर? 'अर्ली चेक-इन'ला अर्ध्या दिवसाचे पैसे मागतात, कधी आख्ख्या रात्रीचे, आणि खोली आदल्या रात्रीपासून रिकामीच पडलेली असते! यावर इलाज आहेत, पण ते शोधायची पाळी गिऱ्हाइकावर का? बसस्टँड-स्टेशनजवळच्या काही लॉजमध्ये २४ तासांचा हिशोब असतो, पहाटे सहाला घेतली की दुसऱ्या पहाटे सहापर्यंत. पहाटे पोचणाऱ्याला हाच हिशोब परवडतो. मात्र शेवटच्या दिवशी परतीची गाडी रात्रीची असेल तर दिवसभर सामान ठेवून घेणार का, हे आधी विचारा. रेल्वेची रिटायरिंग रूम पीएनआरवर मिळते, १२ तासांसाठीही घेता येते. नुसतं सामानच ठेवायचं तर स्टेशनवरची क्लोकरूम, बॅगेला कुलूप मात्र हवं. आणि बेंगळूरला जायचं तर बेळगावहून पहाटे सुटणारी वंदे भारत दुपारी पोचवते, चेक-इनच्या वेळेलाच. तिकीट महाग आहे, पण अर्ध्या दिवसाचं जादा भाडं त्यातून वजा करून बघा.

रविवारी बेंगळूरची मेट्रो उशिरा सुरू होते, शनिवारी रात्री निघणाऱ्यांनी तेही धरावं.

स्वस्तातलं म्हणून बसस्टँडजवळ बघायला गेलं तर खाली बार, वर लॉज. जिन्यात सिगारेटचा वास, रात्री बारापर्यंत ग्लास आणि आरडाओरडा, आणि खोलीच्या दाराला आतून धड कडी नाही. बाहेर मात्र 'फॅमिली रूम' अशी पाटी. कुटुंबाला परवडणारं हॉटेल म्हणजे दारूच्या दुकानाचा वरचा मजला, हे कुणी ठरवलं? अभिप्राय वाचताना तारे बघू नका. त्यात 'लिफ्ट', 'आवाज', 'गरम पाणी', 'बार' हे शब्द शोधा. अलीकडच्या दोन-तीन महिन्यांतलेच वाचा. लिफ्ट नसेल आणि खोली तिसऱ्या मजल्यावर असेल तर आजीचे गुडघे पहिल्याच दिवशी जातील. गरम पाणी सोलरचं असेल तर सकाळी सहा ते नऊ एवढंच, दुपारी पोचलेल्याला थंडच.

सीमाभागातल्या घरांचं आणखी एक दुखणं आहे, ते पुण्या-मुंबईकडच्यांना कळणार नाही. आमची मुलं मराठी शाळेत असली तरी सुट्ट्या कर्नाटक सरकारच्या. मोठी सुट्टी दसऱ्याला. तेव्हा पोरांना म्हैसूर बघायचं असतं, आणि नेमकं तेव्हाच म्हैसूरचे दर आकाशाला भिडलेले. दसरा सोडून एखाद्या शनिवार-रविवारी जा. राजवाड्याची रोषणाई रविवारी संध्याकाळीही असते. हॉटेल सिटी बसस्टँडच्या आसपास बघा, राजवाडा तिथून चालत. उलट उन्हाळ्याची आमची सुट्टी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात लागते, महाराष्ट्रातल्या शाळा त्या वेळी चालू असतात. कोल्हापूर-पुण्याला जायचं तर एप्रिलचा उत्तरार्धच धरा, मे उजाडला की तीच खोली महागते.

आधी गाडीचं तिकीट, मग हॉटेल. रेल्वेचं आरक्षण आता साठच दिवस आधी उघडतं. वेटिंग असताना 'नॉन रिफंडेबल' खोली घेऊ नका, तिकीट कन्फर्म झालं नाही तर खोलीचे पैसे जातात. निघायच्या आदल्या दिवशी हॉटेलला फोन करा, माणसं किती, गाद्या किती, पोचणार किती वाजता, सगळं मेसेजवर लिहून घ्या. 'ॲपवाल्यानं आम्हाला बुकिंगच पाठवलं नाही' हे उत्तर रात्री अकराला ऐकायचं नसेल तर एवढं कराच. तरीही अडवलं तर ग्राहक हेल्पलाईन १९१५. ओळखपत्र म्हणून आधारची पूर्ण नंबराची झेरॉक्स देऊन येऊ नका, मास्क केलेलं, म्हणजे शेवटचे चारच आकडे दिसणारं आधार चालतं.

आणि दुसऱ्या शहरांना नावं ठेवताना आपल्या बेळगावचंही बोला. इथं गाडी नसलेल्या पाहुण्याचे हाल काही कमी नाहीत. रेल्वे स्टेशन एकीकडे, मध्यवर्ती बसस्थानक दुसरीकडे. नवी हॉटेलं हायवेला, जिथून रात्री नऊनंतर सिटी बस मिळायची मारामार. किल्ला, कमल बस्ती, कपिलेश्वर, खडेबाजार, गणपत गल्ली हे सगळं शहरात. मग पाहुण्यानं हायवेला राहून काय करायचं? लग्नसराईत मंगल कार्यालयवाले आख्खे मजले अडवतात. डिसेंबरात हलग्याच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन लागलं की आमदार, अधिकारी, पोलीस, पत्रकार यांनी शहर भरतं, आणि एरवी १,५०० ला मिळणारी खोली कुठल्याच दरात मिळत नाही. कोल्हापूर-सांगलीहून एसटीनं येणाऱ्या माणसाला हे कुणी सांगत नाही. तो दोन पोरं घेऊन बसस्टँडवर उतरतो आणि एकेका लॉजची पायरी चढून 'रूम नाही' ऐकत फिरतो. तुमच्याकडे कुणी डिसेंबरात येणार असेल तर अधिवेशनाच्या तारखा आधी बघून त्यांना कळवा, आणि खोली बसस्थानकाजवळ, किर्लोस्कर रोडला नाहीतर खडेबाजारातच धरून द्या.