ब्लोअर बंद, टाकी फुल्ल आणि घाण थेट ओढ्यात

डोकं फिरतं राव आता. पाचशे-सातशे माणसांची वस्ती, आणि तिला सांडपाण्यासाठी काय देतात तर शहरातल्या एसटीपीची, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटची, छोटी कॉपी! पाण्यात हवा सोडणारा ब्लोअर, मापून औषध सोडणारा डोसिंग पंप, पॅनलवर लाल-हिरवे दिवे, सगळं चकाचक. फीत कापली, फोटो काढले, साहेब गेले. मग ब्लोअरची मोटर जळते आणि सगळे एकमेकांकडे बघत बसतात. ठेकेदार म्हणतो वॉरंटी संपली, वर विचारलं तर म्हणतात मेंटेनन्स तुमच्याकडे, आणि गावात तो पॅनल उघडून बघणारा माणूसच नाही.

अरे ते मशीन नुसतं लोखंड नाहीये, त्यात जिवंत बॅक्टेरिया असतात, घाण तेच खातात, आणि त्यांना सतत हवा लागते. लिटरला दोन मिलिग्रॅमच्या आसपास तरी ऑक्सिजन पाण्यात विरघळलेला हवा. रात्रभर लाईट गेली की तिथेच गुदमरतात, आणि सकाळी जो वास सुटतो तो मंत्रालयात पार्सल करायला पाहिजे. 1914 मध्ये मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट यांनी ही पद्धत मांडली, भारीच आहे, वादच नाही, पण तिला वीज लागते, लॅब लागते, लक्ष ठेवायला शिकलेला माणूस लागतो. इथे ऑपरेटर म्हणजे कोण, तर पाण्याची मोटर चालू-बंद करणारा पोरगा, त्याचाही पगार थकलेला.

त्यात लहान गावाचं पाणी शहरासारखं दिवसभर सारखं येत नाही. सकाळी दोन तासात लोंढा, दुपारी धार, रात्री जवळपास शून्य. वस्ती जितकी लहान तितका हा चढउतार जास्त, हे डिझाइन करणाऱ्याला कळायला नको? पण नाही, दिवसाचा एकूण आकडा घ्यायचा, चोवीसने भागायचं आणि त्यावरून टाकीचं माप काढायचं. मग सकाळच्या लोंढ्यात सगळा गाळ वाहून बाहेर.

आणि हो, "सेप्टिक टँक आहे ना घरोघरी" म्हणणाऱ्यांना तर माझा साष्टांग नमस्कार. त्या टाकीत जड गाळ खाली बसतो, बस, बीओडी, म्हणजे घाण कुजायला लागणाऱ्या ऑक्सिजनचं माप, निम्मा उतरला तरी खूप झालं. बाहेर येणाऱ्या पाण्यात जंतू, जंतांची अंडी सगळं तसंच असतं, ते शोषखड्ड्यात किंवा चरात मुरवायचं असतं, उघड्या गटारात सोडायचं नसतं!! गाळ तीन ते पाच वर्षांनी उपसायचा असतो, तो कोण उपसतंय? टाकी गाळाने भरली की तिचा नुसता पाइप होतो, इकडून आलं तिकडून गेलं. शोषखड्डा विहिरीच्या शेजारी, नाहीतर पार भूजलात उतरवलेला, म्हणजे तेच पाणी परत हंड्यात. सांडपाण्यातून विहिरीत उतरणारं नायट्रेट लिटरला 50 मिलिग्रॅमच्या वर गेलं तर बाटलीचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला धोका असतो, डब्ल्यूएचओची मर्यादा आहे ती, पण पाणी तपासलं तर कळणार ना.

बरं, साधा उपाय माहीत नाही असंही नाही. एकामागे एक तळी. पहिलं खोल, त्यात गाळ बसून कुजतो, पुढची उथळ, तिथे शेवाळ दिवसभर ऑक्सिजन देतं, शेवटच्या मीटरभर खोल तळ्यात ऊन जंतू मारतं, आणि इतके दिवस पाणी थांबल्यामुळे जंतांची अंडी तळाशी बसतात. उतार मिळाला तर पंपसुद्धा नको. नाहीतर आधी टाकीत गाळ बसवून मग खडीत पाणकणीस लावलेला वाफा. जागा जास्त लागते, मान्य. काठावरचं गवत काढलं नाही तर डास होतात, तेही मान्य. काही वर्षांनी गाळ काढावाच लागतो. पण फावडं धरणारा माणूस गावात मिळतो हो, ब्लोअरचं बेअरिंग बदलणारा नाही मिळत! तळ्याचं अंदाजपत्रक छोटं, फोटो बरा येत नाही, मशीन विकणाऱ्याला त्यात काही सुटत नाही, म्हणून ते फायलीतच मरतं.

आता ऐकतोय की जुना प्लांट तसाच ठेवून शेजारी नवीन बसवणार, त्याच्यापेक्षा मोठा ब्लोअरवाला, ऑटोमॅटिक म्हणे. लाईटबिल कोण भरणार विचारलं तर मीटिंगच संपली.