कपाळमोक्ष कसा करून घ्यावा

अंतराळातल्या गोष्टींची ती अमेरिकन मालिका, 'स्टार ट्रेक', तिचे अस्सल चाहते व्हायचंय? मग पहिला नियम पाठ करा. गोष्ट बघायची नाही, कपाळ बघायचं.

मला हा नियम येळवशीच्या रात्री लातुरात कळला. दिवसभर शेतात भज्जी अन् आंबील इतकं झालं होतं की बसल्या जागी डोळे मिटत होते. तरी रात्री एका मित्राच्या घरी चौघं जमलो. सोबत माझा सातवीतला भाचा. त्याला मी 'डीप स्पेस नाइन' या 'स्टार ट्रेक'च्याच पुढच्या मालिकेचा १९९४ चा एक एपिसोड दाखवत होतो. क्लिंगॉन नावाच्या लढाऊ जमातीचे तीन म्हातारे, एक जुनं वैर, मारल्या गेलेल्या लेकरांचा बदला. इंग्रजी त्याला सगळं झेपत नाही, म्हणून मी शेजारी बसून मराठीत सांगत होतो. पोरगं गोधडीतून अर्धं बाहेर आलं होतं. मधेच त्यानं सहज विचारलं, "मामा, ह्यांच्या कपाळाला असं कामून झालंय?"

"दुसऱ्या ग्रहावरचे हायत ते," एवढं म्हणून मी पुढं सरकणार, तोच आमच्यातल्या एका जाणकारानं रिमोट उचलला. वयानं मोठे. सगळे त्यांना सर म्हणतात.

नियम दुसरा: रिमोट कायम आपल्या मांडीखाली ठेवा.

नियम तिसरा: लेकरानं काही विचारलं तर थोडक्यात सांगून त्याचं नुकसान करू नका. मूळ मालिकेतल्या १९६७ पासून सुरू करा. तेव्हाचे क्लिंगॉन म्हणजे सपाट कपाळ, तोंडाला तपकिरी रंग, दाट भुवया अन् मिशा. १९७९ च्या सिनेमात त्याच जमातीच्या कपाळावर पाठीच्या कण्यासारखी हाडं उगवली. मग पडद्यावर थांबवलेल्या तिघांकडं बोट दाखवा. कोर, कोलोथ, कँग. जॉन कोलिकोस, विल्यम कॅम्पबेल आणि मायकेल अन्सारा या नटांनीच साठच्या दशकात हीच पात्रं सपाट कपाळानं केली होती! इथपर्यंत मलाही मजा वाटली, खोटं कशाला बोलू. पोरगंही ऐकत होतं. पण मजा आली की थांबला तो चाहता कसला?

पुढं १९९६ घ्यायचं. मूळ मालिकेच्या तिशीनिमित्त केलेल्या 'डीप स्पेस नाइन'च्या एपिसोडमध्ये वॉर्फ हा क्लिंगॉन आणि त्याचे सहकारी जुन्या काळात जातात. सपाट कपाळाचे क्लिंगॉन बघून ते वॉर्फला विचारतात, हे असे कसे? तो म्हणतो, आम्ही बाहेरच्यांशी त्यावर बोलत नाही. विषय संपला! सोयऱ्यांनी नको ते विचारलं की आमचा आजा असाच तोंड वळवून "चहा घ्या" म्हणायचा. लेखकांनी इतकी झकास पळवाट काढून दिली होती. हसायचं अन् पुढं जायचं. पण नाही. तुमचं समाधान झालं नाही. तुम्हाला दाखला पाहिजे, सही-शिक्क्याचा. मग २००५ मध्ये चांगले दोन एपिसोड त्यावर खर्ची पडले. क्लिंगॉन शास्त्रज्ञांनी माणसांच्या सुधारित वाणाची जनुकं वापरून जबर सैनिक करायचा घाट घातला, त्यातून साथ पसरली, औषध सापडलं, जीव वाचले अन् कपाळं गेली. बरं, आता तरी झालं ना समाधान? कशाचं! मग १९७९ पर्यंत हाडं परत कशी आली, कुणाला आधी आली, कोरला कोणत्या साली आली, हे सर वहीवर काढून दाखवायला लागले. वहीवर! यजमानांच्या पोरीची गणिताची वही होती ती.

रोम्युलन ही मालिकेतली दुसरी परग्रही जमात. त्यांचं त्यामानानं सोपं. १९६६ मध्ये त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना हेल्मेटं घातली, कारण प्रत्येकाला टोकदार कान करून द्यायला पैसे नव्हते. पुढं त्यांनाही कपाळ फुटलं. आता म्हणे ज्यांना उंचवटे आहेत ते उत्तरेकडचे. बीडकडचे अन् नांदेडकडचे असतात तसं.

ट्रिल या आणखी एका जमातीबद्दल बोलूच नका. १९९१ ला कपाळावर उंचवटा होता, १९९३ ला तो जाऊन मानेवर ठिपके आले.

२०१७ ला क्लिंगॉनांचे केसच गेले. २०१९ ला उगवले, तर खुलासा असा की युद्धात ते मुंडण करतात. आमच्याकडं सुतकात करतात.

हे सगळं सांगून होईस्तोवर चाळीस मिनिटं झाली अन् लाइट गेली. टीव्ही इन्व्हर्टरवर नव्हता. पोरगं बसल्या बसल्या झोपून गेलं होतं.

आता नियम-बियम राहू द्या. अहो, रबर आहे ते! १९६७ ला टीव्हीवाल्यांकडं पैसा नव्हता, १९७९ ला सिनेमावाल्यांकडं होता. एवढंच उत्तर आहे अन् ते तुम्हाला माझ्याआधी माहीत आहे. आमच्या गावात पोळ्याला बैलाची शिंगं एका साली हिंगुळानं लाल असतात, दुसऱ्या साली ऑइलपेंटनं निळी. वेशीत त्याला अडवून कुणी विचारत नाही की हा तोच बैल कशावरून. झुलीखाली बैल ओळखू येत नसेल तर दोष झुलीचा नाही. तीस वर्षं बघून तुम्हाला त्या तीन म्हाताऱ्यांच्या तोंडावरचं दुःख दिसलं नाही, हाडं तेवढी मोजता आली? अन् ती मोजणी एका लेकराच्या डोक्यावर ओतायचा तुम्हाला काय हक्क? त्यानं कपाळाचं विचारलं होतं, पीएचडी मागितली नव्हती.

घरी परतताना थंडीत स्कूटरवर मागून आवाज आला, "मामा, मग त्यांनी बदला घेतला का?"

मी सांगितलं नाही. रविवारी आपल्या घरी पुढचं बघू म्हणालो. सर, तुम्ही येऊ नका.