मैदानाच्या शोधात निघालेल्या सुज्ञ पालकांस

मोकळी हवा, रुंद रस्ते आणि मुलांना खेळायला हवी तेवढी जागा, असं ऐकून तुम्ही उपनगरात राहायला आला असाल. मीही तेच ऐकून आले होते. गेल्या रविवारी माझ्या सहा वर्षांच्या मुलीची मांडी भाजली, तेव्हापासून मी या विषयातली जाणकार झाले आहे. म्हणून चार हिताच्या गोष्टी सांगते, फुकट.

पहिली गोष्ट, फोनमधल्या नकाशावर पूर्ण विश्वास ठेवा. हिरवा ठिपका दिसला की ते मैदानच. तिथे पोचल्यावर पाण्याच्या टाकीभोवतीचं कुंपण निघालं तर पुढच्या ठिपक्याकडे गाडी वळवा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, 5 ते 17 वयाच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल करावी. आमची 60 मिनिटं ठिपके शोधण्यातच भरली. दम मला लागला. लोकांनी दिलेले अभिप्रायही वाचत चला. ‘पार्किंग उत्तम’, ‘फोटो छान येतात’, ‘संध्याकाळी फार शांत असतं’. मुलांच्या मैदानात संध्याकाळी शांत का असतं, हे मात्र विचारू नका.

निघण्यापूर्वी फोन करून वेळ विचारून घ्या. कोणी उचललाच तर मलाही कळवा.

आता घसरगुंडी. ती चकचकीत असावी. आमच्या नशिबी आलेली अशी चकचकीत की तोंड दिसावं. नवा कोरा पत्रा, तोंड थेट पश्चिमेला, आजूबाजूला एक झाड नाही. म्हणजे होती झाडं, त्यांचे बुंधे अजून दिसतात. पानं पडून कचरा होतो म्हणून काढली म्हणे. दुपारचे चार वाजले होते. मी शहाणी आई, आधी हात लावून पाहिला. पण हात लावला तो वरच्या छपराखालच्या भागाला, आणि तो गार होता. मुलगी बसली, सरकली आणि निम्म्यावर किंचाळली. घसरगुंडीवर मध्येच थांबता येत नाही, हा तर त्या खेळाचा मुख्य मुद्दा! खाली येईस्तोवर दोन्ही मांड्यांच्या मागे लालभडक पट्टे. पाण्यासाठी नळाकडे धावले. नळ होता, तोटी नव्हती. तिथला राखणदार शांतपणे म्हणाला, ‘‘मॅडम, उन्हाचं कशाला आणायचं पोराला? संध्याकाळी यायचं.’’ म्हटलं, संध्याकाळी कितीपर्यंत उघडं असतं? ‘‘पाचला कुलूप.’’

पाचला! म्हणजे पत्रा निवायला लागला की कुलूप. उन्हात पत्रा तापतो हे कळायला कोणता अभ्यासक्रम लागतो? खेळसाहित्याच्या सुरक्षा पुस्तिकांमध्ये सरळ लिहिलेलं असतं की धातूची घसरगुंडी सावलीत ठेवा, आणि प्लॅस्टिक नि रबरी फरशीही तापते, तेव्हा तिकडेही लक्ष द्या. वाचलं कोणी? कॅटलॉगमधल्या चित्रावर बोट ठेवलं, सही केली, फीत कापली. ज्याने ही घसरगुंडी तिथे उभी केली त्याला अर्धी चड्डी घालून दुपारी चार वाजता एकदा वरून सोडा. एकदाच. मी खाली उभी राहते टाळ्या वाजवायला.

असो. रागावून चालणार नाही, आपण सल्ले देतोय.

शिडीच्या कठड्याचे गज मोजू नका. साधारण 9 ते 23 सेंटिमीटरच्या मधली फट ठेवू नये, असं अमेरिकेतली सरकारी पुस्तिका सांगते, कारण तिच्यातून लहान मुलाचं अंग पार होतं आणि डोकं अडकतं. मी मूठ घालून पाहिली, वर दोन बोटं जागा उरली. पण दोष मापाला देऊ नका, मुलांनी डोकी लहान आणावीत.

झोक्याखाली काँक्रीट असेल तर उत्तम. झाडायला सोपं. (त्याच पुस्तिकेत गवत आणि टणक मातीसुद्धा पडणाऱ्याला पुरेशी मऊ मानत नाहीत. फारच लाड.) झोका जिथून टांगलाय त्या उंचीच्या दुप्पट जागा पुढे आणि तितकीच मागे मोकळी हवी म्हणतात. आमच्याकडे बरोबर तिथेच बाक आहे.

फलक मात्र जरूर पाहा. सगळ्या मैदानात ताजा रंग तेवढ्यालाच आहे. पळू नये. ओरडू नये. चेंडू आणू नये. गवतावर पाय देऊ नये.

संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारात, कलम 31 मध्ये, खेळणं हा मुलांचा हक्क आहे असं छापलेलं आहे. त्याची प्रत सोबत ठेवा. तापल्या पत्र्यावर अंथरायला बरी.

आणि आता तो सल्ल्याचा आव पुरे झाला. सरळच बोलते. घर घेताना तुम्ही नळाच्या तोट्या फिरवून पाहिल्या, फरशा ठोकून पाहिल्या, गाडी कुठे लागेल ते तीनदा विचारलंत. मैदान कुठाय ते कितीजणांनी जाऊन पाहिलं? मीही नव्हतं पाहिलं. माहितीपत्रकातल्या चित्रात फुगा धरलेली मुलगी होती, तेवढ्यावर भागलं. इमारती, रस्ते, पार्किंग सगळं बसवून झाल्यावर जो तिरका तुकडा उरला तो मुलांना दिला, आणि आपण गप्प बसलो. वर चेंडूचा आवाज होतो म्हणून अर्ज कोणी केला? मुलांनी? तुमच्या दुपारच्या झोपेसाठी अख्ख्या वसाहतीतल्या मुलांनी कुजबुजत खेळायचं?

कोपनहेगनच्या कडेला एमड्रुप नावाच्या वस्तीत 1943 साली, शहरात जर्मन फौजा असताना, मोठ्यांनी मुलांना टाकाऊ फळ्या, विटा आणि माती देऊन एक मैदान उभं केलं. सॉरेन्सन नावाच्या उद्यानरचनाकाराची ती कल्पना. सजवलेल्या बागांपेक्षा मुलं बांधकामाच्या पसाऱ्यात जास्त रमतात, हे त्याने नुसतं पाहिलं होतं. डोकं चालवायला त्यांना युद्ध आड आलं नाही. आपल्याला काय आड येतं?

रविवारी परत येताना वाटेत खोदकामाच्या मातीचा ढिगारा लागला. पाच-सहा पोरं त्यावरून पुठ्ठ्यावर बसून घसरत होती. मुलगी मांडीचं दुखणं विसरून त्यांच्यात घुसली. तासभर खेळली, नखांत माती, केसांत माती. तेवढ्यात वरच्या गॅलरीतून आवाज आला, ‘‘ए, खाली उतरा! कोणाची रे तुम्ही?’’ ओळखला मी आवाज. हल्ली मुलं बाहेर खेळतच नाहीत, सारखी फोनमध्ये, असा लांबलचक निरोप त्याच सकाळी त्यांनी वसाहतीच्या ग्रुपवर टाकला होता.

ढिगारा परवा उचलला. तक्रार गेली होती, तुमच्यापैकीच कोणाची तरी.