भिंत तीच, खिळे तेच

सांगलीत विश्रामबागला बसून कॅलिफोर्नियातल्या लाकडी घरांच्या भिंती भूकंपात-वाऱ्यात टिकतील का, ते सॉफ्टवेअरवर तपासायचं, हा आमचा धंदा. तो सांगितला की ऐकणारा आधी गप्प बसतो आणि मग विचारतो, "लाकडाची भिंत? आणि पावसाचं काय?" घरमालक काकांचा प्रश्न वेगळा असतो. "दोन-दोन वाजेस्तोवर लाइट चालू असतीया, नेमकं करता काय ओ तुम्ही?" "अपडेट चाललाय" म्हटलं की ते मान डोलावतात, कारण त्यांच्याही मोबाइलवर तो अधूनमधून चालतो. त्यांच्या अपडेटनंतर बटणाचा रंग बदलतो. आमच्या अपडेटनंतर काल पास झालेली भिंत आज नापास होते.

भिंत कसली, ते आधी सांगायला हवं. दोन-बाय-चारची उभी लाकडं दर सोळा इंचांवर, खाली-वर आडवी लाकडं. दोन-बाय-चार हे नुसतं नाव. मोजायला गेलं की दीड बाय साडेतीन इंच भरतं. (इतकं उघड माप मारून वर ते छापून घेणारा दुसरा धंदा माझ्या पाहण्यात नाही. आपल्याकडचा रॉकेलवाला उगाच बदनाम झाला.) ही नुसती चौकट बाजूनं ढकलली तर रिकाम्या द्राक्षाच्या क्रेटसारखी तिरकी होते. तिच्यावर प्लायवूडचा किंवा ओएसबीचा (लाकडाच्या चपट्या कपच्या दाबून केलेला) तक्ता ठोकला की मग ती जागची हलायला तयार नसते. हिलाच शिअर वॉल म्हणतात. यातला बराचसा हट्ट तक्त्याचा नसून खिळ्यांचा असतो. म्हणून सगळं डिझाइन फिरून फिरून एका प्रश्नावर येतं : तक्त्याच्या कडेला खिळे किती इंचांवर? सहा, चार, तीन की दोन? मधल्या लाकडांवर साधारण बारा. खिळा 'आठ-डी कॉमन', म्हणजे अडीच इंच लांब आणि ०.१३१ इंच जाड. तेवढ्याच लांबीचा 'बॉक्स' खिळा भरतो ०.११३ इंच. गणपती पेठेत किलोनं खिळे घेताना या दोन आकड्यांवरून कुणी भांडत बसणार नाही, पण गणितात तेवढ्यावर भिंत पडते. आणि खिळे दोन इंचांवर आले की दीड इंची लाकूड सांध्यापाशी चिरतं, म्हणून तिथं तीन इंची लाकूड घालावं लागतं. खरं माप अडीच, हे आता सांगायला नको.

आता अपडेट. तो येतो तिकडच्या सकाळी नऊला, म्हणजे उन्हाळ्यात आपल्या रात्री साडेनऊला आणि हिवाळ्यात साडेदहाला. (त्यांचं घड्याळसुद्धा वर्षातून दोनदा अपडेट होतं.) ड्रॉइंग पाठवायला दोन तास उरलेले असतात. पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकोन उगवतो : नवी आवृत्ती उपलब्ध आहे. खाली काय बदललं याची यादी. पहिल्या चार ओळींत आयकॉन कसे मोठे झाले, रिपोर्टचा फाँट कसा सुधारला याचं कौतुक, आणि शेवटी एक ओळ : 'गणनेत किरकोळ सुधारणा'. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा ठरतो, तशातलीच ही ओळ. भाव ठरलेला असतो, फक्त आपल्याला दिसत नाही.

यातली सगळ्यात मोठी 'किरकोळ सुधारणा' समजून घेण्यासारखी आहे. अमेरिकेत या भिंतींची पोथी म्हणजे अमेरिकन वुड कौन्सिलचा एसडीपीडब्ल्यूएस, 'स्पेशल डिझाइन प्रोव्हिजन्स फॉर विंड अँड सिस्मिक'. नाव पूर्ण उच्चारेपर्यंत धरणीकंप येऊन जातो. त्याच्या २०१५च्या आवृत्तीत पंधरा-बत्तिसांश इंची साधा तक्ता आणि सहा इंचांवर आठ-डी खिळे, अशा भिंतीच्या ताकदीचे दोन आकडे होते : भूकंपासाठी फुटाला ५२० पौंड, वाऱ्यासाठी ७३०. एएसडी पद्धतीत (ताकदीला भागून सुरक्षित आकडा काढायचा ती) दोन्हींना २ नं भागायचं. २०२१च्या आवृत्तीत दोन रकान्यांचा एक झाला. आता आकडा एकच, ७३०. वाऱ्यासाठी २ नं भागा, भूकंपासाठी २.८ नं.

बोटं मोडा. ५२० भागिले २ म्हणजे २६०. ७३० भागिले २.८ म्हणजे २६०.७. पगार वाढवायचा आणि तेवढंच भाडंही वाढवायचं, असा हा व्यवहार. पण रिपोर्टमध्ये ५२०च्या जागी ७३० दिसतो आणि तिकडचा इंजिनिअर विचारतो, "एका रात्रीत भिंत चाळीस टक्के मजबूत कशी झाली?" प्रश्न रास्त आहे. उत्तर द्यायला कागद लागतो, आणि कागद रात्री अकराला सुचत नाही.

एएसडीवाल्यांचं एवढ्यावर भागतं. खरी गंमत एलआरएफडीवाल्यांची आहे. या दुसऱ्या पद्धतीत भार फुगवून धरायचा आणि ताकदीला एकाहून लहान आकड्यानं गुणायचं. तिथं आधी ५२०ला ०.८ नं गुणत, म्हणजे ४१६. आता ७३०ला भूकंपासाठी ०.५ नं गुणायचं, म्हणजे ३६५. आठ फूट लांब भिंतीवर एएसडीच्या हिशेबानं २०८० पौंड भूकंप येतोय असं धरा, फुटाला २६० झाले. क्षमता २६०.७. पास, अगदी काठावर. हाच भूकंप एलआरएफडीत ०.७ नं भागून येतो, म्हणजे फुटाला ३७१. जुन्या ४१६ समोर तो आरामात बसायचा. नव्या ३६५ समोर सहा पौंडांनी नापास. भिंत तीच, खिळे तेच, भूकंप तोच. फक्त ड्रॉपडाउनमधली पद्धत वेगळी. अपडेटनं ती पद्धत न विचारता बदलली असेल, तर सगळी रात्र मॉडेलमध्ये चूक शोधण्यात जाते आणि चूक सेटिंग्जच्या तिसऱ्या पानावर चहा पीत बसलेली असते.

सेटिंग्ज हे तर वेगळंच प्रकरण. नवी आवृत्ती बसली की तुमच्या जुन्या आवडीनिवडी पुसून ती स्वतःच्या घालते. लाकडाची जात बघा. तुम्ही डग्लस फर धरलेलं असतं, घनतेचा आकडा ०.५०. नव्या आवृत्तीनं मुकाट्यानं स्प्रूस-पाइन-फर घातलं, ०.४२. नियम असा, की १ मधून हा फरक वजा करायचा. १ वजा ०.०८, म्हणजे ०.९२. आपले २६० आता २३९ वर. ओएसबीच्या जागी प्लायवूड आलं, तर ताकद तीच राहते पण ताठपणाचा आकडा १३ वरून १० वर येतो, भिंत जास्त झुकते, आणि भिंतींच्या ताठपणाप्रमाणे भार वाटून दिला असेल तर तो शेजारच्या भिंतीच्या डोक्यावर जातो. मग शेजारची नापास. तुम्ही तिला हातही लावलेला नसतो.

सगळ्यात वाईट म्हणजे जिप्सम बोर्डासमोरची टिकमार्क. वाऱ्याच्या हिशेबात आतल्या बाजूच्या जिप्समची ताकद धरली तर चालते. भूकंपाच्या हिशेबात त्याच्या भरवशावर राहिलात तर आर-फॅक्टर (भिंत न मोडता किती वाकून भूकंप पचवते त्याचा आकडा) ६.५ वरून २ वर घसरतो, आणि भार आर-फॅक्टरच्या उलट प्रमाणात वाढतो. एका टिकमार्कनं भूकंप सव्वातीन पट. कोयनेचा १९६७चा ११ डिसेंबर ज्यांच्या घरात अजून सांगितला जातो, त्यांना सव्वातीन पट म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही.

तरी प्रत्येक वेळी सॉफ्टवेअरच खोटं असतं असंही नाही. भिंतीच्या दोन टोकांना ती उचलली जाऊ नये म्हणून लोखंडी होल्डडाउन बसवतात. जुनी पद्धत सोपी : २०८० गुणिले उंची ८ फूट, भागिले लांबी ८ फूट. ओढ २०८०. पण होल्डडाउन भिंतीच्या अगदी टोकाला कधीच नसतो, तो टोकाच्या जोडखांबाला आतून बोल्टनं किंवा स्क्रूनं धरलेला असतो. दोन टोकांमधलं खरं अंतर साडेसात फूट धरलं तर ओढ येते २२१९. सात टक्के जास्त. नव्या आवृत्तीनं हे अंतर धरायला सुरुवात केली आणि कॅटलॉगमधला होल्डडाउन एक नंबरनं वाढला, तर चरफडण्याआधी कबूल करावं, की इतके दिवस आपणच सात टक्के उधारीवर चाललो होतो.

कोडांची, म्हणजे नियमपुस्तकांची, सोयरीक हा आणखी एक जाच. आयबीसी हे इमारतींचं मूळ पुस्तक, एएससीई ७ हे भार किती धरायचा त्याचं. आयबीसी २०१८ बरोबर एसडीपीडब्ल्यूएस २०१५ आणि एएससीई ७-१६. आयबीसी २०२१ बरोबर एसडीपीडब्ल्यूएस २०२१, पण एएससीई ७-१६च. आयबीसी २०२४ आली तेव्हा कुठं एएससीई ७-२२ घरात आली. अपडेट मात्र तिन्ही खान्यांत सगळ्यात नवं तेवढं भरून मोकळा होतो. घराचा परवाना ज्या कोडाखाली मागितला, तोच कोड शेवटपर्यंत लागू. म्हणून आम्ही प्रत्येक कामाच्या पहिल्या पानावर तिन्ही सालं लाल शाईनं लिहितो. वाऱ्यात तर याहून मोठा घोळ होऊन गेलाय. एएससीई ७-०५ मधला ताशी ९० मैलांचा वारा ७-१० मध्ये ११५ झाला आणि लोक घाबरले. पण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गावर चालतो, आणि नव्या पद्धतीत एएसडीसाठी त्या दाबाला ०.६ नं गुणायचं असतं. ९०चा वर्ग ८१००. ११५चा वर्ग १३२२५, गुणिले ०.६, म्हणजे ७९३५. वारा उलट किंचित पडलाच होता.

तर अपडेट कसा घ्यावा? चालू काम असताना घेऊच नये, हे पहिलं. पेरणी अर्ध्यात असताना बैल विकायला काढत नाहीत. घ्यायचाच झाला तर जुनी आवृत्ती उडवू नये, नवी वेगळ्या फोल्डरमध्ये बसवावी. त्याआधी जुन्या सेटिंग्जच्या प्रत्येक पानाचा फोटो काढावा, चक्क मोबाइलनं. लायसन्सची किल्ली जुन्या मशिनवरून सोडवल्याशिवाय नव्यावर बसेल असं धरून चालू नये, कारण ती न बसण्याची वेळ नेमकी तिकडच्या शनिवारी सकाळी येते आणि मदतवाले सोमवारी उठतात. मूळ फाइल नव्या आवृत्तीत कधीही उघडू नये. प्रत काढून ती उघडावी, कारण नव्यात सेव्ह झालेली फाइल जुनी आवृत्ती ओळखसुद्धा दाखवत नाही.

आणि एक ठरलेलं घर हवं. आमच्याकडे 'घर नंबर एक' आहे : चाळीस बाय चोवीस फूट, एक मजला, चार भिंती, दोन खिडक्या, एक दार. अमेरिकेत ते कुठंच उभं नाही, पण ग्राफ पेपरवर त्याचं हातानं केलेलं गणित उभं आहे. प्रत्येक नव्या आवृत्तीत ते आधी चालवायचं आणि वरून खाली बघत यायचं : पायथ्याचा एकूण भार, मग भिंतींच्या प्रत्येक रेषेचा वाटा, मग फुटाला पौंड, मग खिळे, मग होल्डडाउन, मग झुकाव. पहिलाच आकडा जुळला नाही तर खाली बघूच नये. खालचं सगळं मग नातेवाइकांच्या भांडणासारखं असतं, मूळ वरच्या पिढीत.

एवढं करूनही जी गोष्ट कुठल्याच आवृत्तीत दिसत नाही, ती म्हणजे खिळ्याची बंदूक. हवेचा दाब जास्त झाला की खिळ्याचं डोकं तक्त्याचा वरचा थर फोडून आत जातं. गणितात तक्ता पूर्ण जाडीचा असतो, जागेवर डोक्याखाली त्यातला थोडाच उरलेला. म्हणून ड्रॉइंगवर 'डोकं तक्त्याशी सपाट' ही टीप आम्ही प्रत्येक वेळी लिहितो. तसंच तळाच्या लाकडावरच्या अँकर बोल्टला तीन बाय तीन इंची, ०.२२९ इंच जाड चौकोनी वॉशर. तिथं गोल वॉशर टाकणारा गडी कुठल्या आवृत्तीवर चालतो ते त्यालाच माहीत.

पहाटे दुधाच्या पिशव्या घ्यायला काका जिन्यात येतात आणि उघड्या दारातून विचारतात.

"झाला का अपडेट?"

"झाला, काका."

"मग? काय बदललं?"

"आधी २६० होतं, आता २६०.७ झालंय."

काका पिशवी या हातातून त्या हातात घेतात. "लाख?"

"पौंड."

काका हात घालून आमच्या खोलीचा लाइट बंद करतात आणि खाली जातात.