एसटीच्या मालकाचं प्रगतिपुस्तक कोण भरणार?

‘एसटी तोट्यात’ अशी बातमी आली की खाली ठरलेल्या कमेंटा सुरू होतात. कर्मचारी कामचुकार, खासगीकरण करा, मोकळे व्हा. माझा प्रश्न वेगळा आहे. एसटीत काम नेमकं कुणाचं मोजलं जातं?

कुठल्याही आगारात जाऊन बघा. चालकाने लिटरमागे किती किलोमीटर काढले, वाहकाने उत्पन्न किती आणलं, भारमान (म्हणजे गाडी किती टक्के भरली) किती, फेऱ्या किती रद्द, वाटेत गाड्या किती बंद पडल्या, सगळ्याची नोंद असते. केएमपीएल, म्हणजे लिटरमागचे किलोमीटर, घसरला की चालकाला बोलावणं येतं. गाडी जुनी आहे, वाटेत घाट आहे, हे त्याने सांगून बघावं!

आणि वर, एसटीचं मालक असलेल्या राज्य सरकारचं काय? १९५०च्या रस्ते परिवहन महामंडळ कायद्याचं कलम २२ सांगतं, कारभार व्यावसायिक तत्त्वावर करा. कलम ३४ सरकारला निर्देश देण्याचा अधिकार देतं. व्यवहारात जिंकतं ते ३४. ऑक्टोबर २०२१ नंतरची भाडेवाढ थेट जानेवारी २०२५ मध्ये झाली, एकदम १४.९५ टक्के. मधल्या काळात ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत झाला आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट. दोन्ही निर्णय मला मनापासून पटतात. बाजाराला, दवाखान्याला निघालेल्या बायकांनी भरलेली गाडी बघून बरं वाटतं. पण निर्णय सरकारचा, तर पैसेही सरकारने पूर्ण आणि वेळेवर द्यायला नकोत? ते रखडले की पगार लांबतो, पीएफ थकतो, सुटे भाग येत नाहीत, आणि गाडी घाटात बंद पडली की शिव्या वाहकाला. वर त्याच तिकिटातून साडेसतरा टक्के प्रवासी कर सरकारच्या तिजोरीत जातो, ही गंमत वेगळीच.

वर्षानुवर्षं साठत आलेला संचित तोटा आता १० हजार कोटींच्या पुढे आहे. त्यातला गैरकारभाराचा किती, सवलतींचा किती, तोट्यातल्या ग्रामीण फेऱ्यांचा किती? हे वेगळं मांडल्याशिवाय कुणाला जबाबदार धरणार? आणि धरणार कोण? २०२५ मध्ये आधी सनदी अधिकाऱ्याला अध्यक्ष केलं, काही महिन्यांत परिवहनमंत्रीच त्या खुर्चीत आले. व्यक्तीबद्दल तक्रार नाही. पण आदेश देणारा आणि ‘हा आदेश परवडत नाही’ असं सांगायचं काम ज्याचं, ते दोघे एकच असतील तर संचालक मंडळाच्या बैठकीत बोलायचं कुणी?

केंद्र सरकारच्या मालकीच्या कंपन्यांमध्ये १९८०च्या दशकापासून कंपनी आणि मंत्रालय यांच्यातल्या सामंजस्य कराराची पद्धत आहे. वर्षाची उद्दिष्टं ठरतात, शेवटी श्रेणी मिळते. त्यातली पळवाटही जुनीच: उद्दिष्टच सोपं ठेवून घ्यायचं, म्हणजे ‘उत्कृष्ट’ पक्कं. शिवाय श्रेणी फक्त कंपनीला मिळते, मंत्रालयाने आपला शब्द पाळला का, त्याला गुण नाहीत.

एसटीसाठी करार करायचाच तर दोन्ही बाजूंनी करा. व्यवस्थापकीय संचालकाला ठरावीक मुदत द्या, मंडळावर वाहतुकीतली स्वतंत्र माणसं घ्या. प्रत्येक आगाराचे आकडे दरमहा संकेतस्थळावर टाका. आणि त्याच पानावर आणखी दोन रकाने हवेत: सवलतीचे पैसे सरकारकडून कधी यायचे होते आणि प्रत्यक्षात कधी आले.