तारसप्तकातले ब्रेक

गाडीचा ब्रेक लागत नसेल तर धोका जिवाला असतो. तो उत्तम लागत असेल पण लागताना किंचाळत असेल, तर धोका अब्रूला असतो, आणि अब्रूचा विमा अजून कोणी उतरवीत नाही. माझ्या गाडीचे पुढचे डिस्क ब्रेक, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला दोन्ही बाजूंनी पॅड दाबून धरणारे ब्रेक, या दुसऱ्या जातीचे होते. हमरस्त्यावर वेगात असताना ते निमूटपणे काम करीत; मात्र मंगल कार्यालयाच्या दारात, चार ओळखीची माणसे उभी असताना, पेडलवर हलकेच पाय ठेवला की असा सूर लावीत की सनईवालाही क्षणभर थबके.

हे दुखणे जुने आहे, एवढेच समाधान. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले, तेव्हा त्यांनी वापरलेले तांब्याचे अस्तर तबकडीवर घासून असह्य कर्कश आवाज करीत असे.

शेजारच्या काकांनी पॅडवर दोन थेंब तेल सोडण्याचा सल्ला दिला. या उपायाने आवाज थांबतो यात शंका नाही. फक्त गाडी थांबत नाही. पावसाळा संपला की आपोआप जाईल, असे दुसऱ्या एकांचे मत पडले. त्यात तथ्य होते, पण अर्धेच. बिडाच्या तबकडीवर दमट हवेने रात्रीतून गंजाचा पातळ थर चढतो आणि सकाळी पहिले काही ब्रेक कुरकुरतात, पण तो थर घासला गेला की कुरकुर संपते. आमची मैफल रात्री उशिरापर्यंत चाले.

पहिल्या मेकॅनिकने "पॅडच बदलून टाका, साहेब" असा निकाल दिला. पॅड बदलले, बिल भरले, आणि नवे पॅड जुन्यापेक्षा खणखणीत आवाजात गाऊ लागले.

पुढे एका वयस्क मिस्त्रींनी चाक उतरवून मूळ कारण दाखवले. पॅड तबकडीला क्षणात धरते आणि क्षणात सोडते. सेकंदाला हजारो वेळा चालणाऱ्या या धरसोडीतून, सारंगीच्या तारेवर गज फिरावा तसा, सूर उमटतो. दोन ते पाच हजार हर्ट्झच्या दरम्यान माणसाचा कान सर्वांत तिखट असतो, आणि ब्रेकची पट्टीही बहुधा तिथेच लागते. त्यामुळे इलाज पॅडच्या तोंडावर नसून पाठीवर असतो. पॅडच्या पाठीला कंप शोषणारी पातळ पत्री, म्हणजे शिम हवी, जी आधीच्या कारागिराने जुन्या पॅडांबरोबर फेकून दिली होती. पॅड दाबणाऱ्या पकडीच्या, म्हणजे कॅलिपरच्या, पिना सुकून अडकल्या होत्या, त्या साफ करून उष्णता सोसणारे ब्रेकचे ग्रीस लावायचे होते. हे ग्रीस पिनांवर आणि पॅडच्या पाठीवर अगदी पातळ लावायचे, घासणाऱ्या बाजूला त्याचा स्पर्शही होऊ द्यायचा नाही. तबकडीवर चढलेली चकाकी त्यांनी पॉलिश पेपरने उतरवली. या साऱ्या खटाटोपाचे बिल नव्या पॅडांपेक्षा कितीतरी कमी आले, आणि पहिल्या मेकॅनिकला हा मार्ग का सुचला नसावा, याचा मला थोडासा अंदाज आला.

उरले होते पॅड तबकडीशी रुळवणे, म्हणजे मोकळ्या रस्त्यावर पन्नासचा वेग घेऊन, पूर्ण न थांबता, दहापर्यंत सावकाश यायचे, असे पुन:पुन्हा करून ब्रेक थंड होऊ द्यायचे. भल्या पहाटे हा विधी करीत असताना फिरायला निघालेले एक आजोबा काठी टेकून बराच वेळ पाहत राहिले आणि शेवटी जवळ येऊन, आवाज अतिशय मऊ करून म्हणाले, "घरी काही झालंय का?"

आवाज गेला. मिस्त्रींनी निरोप देताना एवढेच सांगितले की, पॅडचे अस्तर झिजून दोन-तीन मिलिमीटर उरले की तबकडीला टेकावी म्हणून एक छोटी पोलादी पट्टी या पॅडांना कारखान्यातच बसवलेली आहे, आणि किंचाळण्याखेरीज तिला दुसरे काम नाही.