एक 'नको' म्हणायला एवढी वणवण?

पुरणपोळीची कृती बघायला साइट उघडावी, तर अर्धी स्क्रीन अडवून कुकीजची (आपला माग ठेवायला साइट आपल्या ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या फायलींची) परवानगी मागणारी पाटी हजर! 'सगळं मान्य' हे बटण ठळक, निळं, बरोबर अंगठ्याखाली येईल असं. 'नको' म्हणायचं असेल तर फिकट राखाडी अक्षरांतलं 'सेटिंग्ज' शोधा, आत शिरा, जाहिरातवाल्यांच्या भल्या मोठ्या यादीतलं एकेक बंद करा. एवढं झाल्यावर कळतं की शेजारच्या 'लेजिटिमेट इंटरेस्ट'मध्ये (म्हणजे 'आमचं रास्त हित आहे, संमती कशाला?' या सबबीखाली) तेच जाहिरातवाले पुन्हा चालूच ठेवलेत. डोकं फिरतं अक्षरशः.

युरोपियन न्यायालयाने २०१९ मध्येच सांगून टाकलंय की आधीच टिक केलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे. फ्रान्सच्या सीएनआयएलने, म्हणजे तिथल्या माहिती-संरक्षण नियामकाने, गूगलला १५ कोटी युरोंचा दंड ठोठावला, तो याच कारणासाठी: होकार एका क्लिकमध्ये, नकाराला मात्र अनेक. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही आहे की संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं.

कायदा कागदावर, पाटी स्क्रीनवर. घरातली म्हातारी माणसं तर वैतागून जे चमकतं तेच दाबतात, आणि त्यांच्या त्या कंटाळ्यालाच परवानगी समजून त्यांची माहिती कुठल्या कुठे पाठवली जाते. ही लबाडीच आहे, दुसरं काही नाही. होकाराच्या शेजारी, त्याच आकाराचं, त्याच रंगाचं 'नको' ठेवायला यांचं काय जातं?